डीबीमध्ये पाच वे रिकामे आहेत. तेवढ्यावर नवीन सर्किटे घ्यावीत का?

छपाईवाला (धागाकर्ता)

आमच्या छपाईच्या कार्यशाळेला तीन फेजचा, ४०० व्होल्टचा पुरवठा आहे. मुख्य केबल साडेतीन कोअरची असून तिच्यावर ६३ अँपिअरचा चार पोलचा ब्रेकर आहे. त्यापुढे बारा वेचा टीपीएन डीबी (तीन फेजची वितरण पेटी; एका वेमध्ये आर, वाय आणि बी या तीन फेजची एकेक जागा) असून त्यातले पाच वे रिकामे आहेत. सध्या दोन छपाई यंत्रे, दोन एसी, बरेच संगणक आणि एलईडी दिवे एवढा भार आहे. आता ७.५ किलोवॅटची मोटर असलेला कॉम्प्रेसर, ३ किलोवॅटचा एक हीट प्रेस आणि आणखी तीन एसी घ्यायचे आहेत.

आमच्या वायरमनचे म्हणणे असे आहे की कॉम्प्रेसरला एक पूर्ण वे देऊन तीन पोलचा एमसीबी (सर्किटाचा छोटा स्वयंचलित ब्रेकर) बसवावा आणि उरलेल्या चार वेमधल्या बी फेजच्या जागांवर प्रेस व तिन्ही एसी टाकावेत, कारण बी फेजवर आज सर्वांत कमी भार आहे. वायरी जुन्याच कंड्युटमधून (वायरींच्या नळीतून) जातील आणि एका दिवसात काम संपेल. ऐकायला हे सरळ वाटते, पण इतक्या सरळपणाचीच मला शंका येते. जाणकारांनी मत द्यावे.

तांबेतार

शंका रास्त आहे. रिकामा वे म्हणजे पत्र्याच्या पेटीतली रिकामी जागा. तिच्यामागे बसबार (सर्व एमसीबींना वीज पुरवणारी धातूची पट्टी), मुख्य ब्रेकर आणि केबल यांच्यात किती क्षमता शिल्लक आहे, हे ती जागा पाहून कळत नाही. बारा वेच्या डीबीत छत्तीस एमसीबी बसतात म्हणून ६३ अँपिअरचा ब्रेकर छत्तीस सर्किटांना पुरेल असे कोणीही म्हटलेले नसते.

त्यामुळे पहिले काम खरेदीचे नसून मोजणीचे आहे. सर्व यंत्रे चालू असतानाच्या वेळी, ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटरने (वेड्यावाकड्या लहरीचाही खरा प्रवाह दाखवणाऱ्या चिमटा मीटरने) मुख्य केबलच्या तिन्ही फेजचा आणि न्यूट्रलचा (तिन्ही फेजच्या सामाईक परतीच्या तारेचा) प्रवाह मोजून घ्यावा. न्यूट्रल मोजायला बहुतेक जण विसरतात, म्हणून तो मुद्दाम लिहितो. लॉगर (सतत नोंद ठेवणारा मीटर) आठवडाभर लावता आला तर अधिक चांगले, कारण एका दुपारची मोजणी म्हणजे त्या एका दुपारचीच मोजणी. डीबीचे झाकण मात्र परवानाधारक वायरमननेच उघडावे. झाकणामागचा बसबार मुख्य ब्रेकर चालू असताना जिवंत असतो आणि मुख्य ब्रेकर बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूची टोके जिवंतच राहतात.

छपाईवाला

आज सकाळी साडेअकराला दोन्ही यंत्रे आणि दोन्ही एसी चालू ठेवून वायरमनकडून मोजून घेतले. आर फेजवर ३८ अँपिअर, वाय फेजवर २७, बी फेजवर १४ आणि न्यूट्रलमध्ये ३१.

झाकण उघडले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. न्यूट्रल बारवर मुख्य केबल जिथे येते तिथल्या लगचा (वायरीच्या टोकाला दाबून, म्हणजे क्रिम्प करून, बसवलेल्या धातूच्या तुकड्याचा) रंग तपकिरी झाला आहे आणि लगला लागून दोन बोटांएवढे इन्सुलेशन कडक होऊन त्याला बारीक भेगा गेल्या आहेत. वायरमन म्हणाला की जुने आहे, असे होतेच.

तांबेतार

लगबद्दल न्यूट्रलचे जाणकार लिहितीलच. मी आधी बेरीज मांडतो. ७.५ किलोवॅटची मोटर, पॉवर फॅक्टर सुमारे ०.८५ आणि कार्यक्षमता सुमारे ८८ टक्के धरली तर प्रत्येक फेजमधून साधारण १४.५ अँपिअर घेईल. हीट प्रेस २३० व्होल्टवर १३ अँपिअर घेईल. एसीचे प्रत्येकी ८ अँपिअर धरू.

वायरमनच्या योजनेनुसार बी फेजवर १४ अधिक १४.५ अधिक १३ अधिक २४, म्हणजे ६५.५ अँपिअर होतात, तर आरवर ५२.५ आणि वायवर ४१.५. आज सर्वांत मोकळा असलेला फेज उद्या ब्रेकरच्या आकड्यापलीकडे जाईल. तो ब्रेकर त्याच क्षणी पडेल असेही नाही, आणि खरा त्रास तोच आहे. किंचित जास्त भार वाहणारा ब्रेकर तासन् तास तापत राहतो आणि एखाद्या कामाच्या दुपारी सगळी कार्यशाळा एकदम बंद पाडतो. (वेगवेगळ्या पॉवर फॅक्टरच्या प्रवाहांची अशी सरळ बेरीज प्रत्यक्षापेक्षा थोडी जास्त येते, पण चूक व्हायचीच तर ती या बाजूला झालेली बरी.)

तिन्ही फेजची एकूण बेरीज १५९.५ आहे, म्हणजे समान वाटणी झाली तर प्रत्येकी सुमारे ५३. तेव्हा सध्याच्या पुरवठ्यात हे बसते, पण फार सैल बसत नाही. ६३ अँपिअरचे सुमारे ४३.६ केव्हीए होतात. पुरवठादाराकडे मंजूर असलेला भार त्याहून कमी असेल तर तो आधी वाढवून घ्यावा लागेल.

कागदावर सर्वांत सुबक वाटणी अशी दिसते की प्रेस वायवर आणि तिन्ही एसी बीवर टाकावेत, मग ५२.५, ५४.५ आणि ५२.५ असे आकडे येतात. मी मात्र तसे करणार नाही. थंडीत तिन्ही एसी बंद झाले की बी फेज एकदम २८.५ वर येईल आणि सगळा समतोल जाईल. एकाच वेळी चालू आणि एकाच वेळी बंद होणारी उपकरणे तिन्ही फेजवर विखुरलेली असावीत, म्हणजे त्यांच्या येण्याजाण्याने तराजू हलत नाही. तुमचे जुने दोन एसी कोणत्या फेजवर आहेत?

छपाईवाला

दोन्ही आरवर आहेत.

तांबेतार

मग त्यातला एक बीवर हलवावा, नवीन तीन एसी प्रत्येक फेजवर एकेक द्यावेत आणि प्रेस बीवर घ्यावा. उन्हाळ्यात आर ५२.५, वाय ४९.५ आणि बी ५७.५ होतील; सर्व एसी बंद असताना ३६.५, ४१.५ आणि ४१.५. उन्हाळ्यातला बीचा आकडा मला थोडा खुपतो, परंतु प्रेसचा थर्मोस्टॅट आणि कॉम्प्रेसरचा प्रेशर स्विच दोन्ही अधूनमधून बंद होत असतात, त्यामुळे प्रत्यक्षात सरासरी खाली येईल.

कुतूहल

माझा एक हिशोब जुळत नाही. तीन फेजचे प्रवाह एकमेकांपासून १२० अंशांवर असतात असे धरून न्यूट्रलचा प्रवाह काढला, तर तिन्ही प्रवाहांच्या वर्गांच्या बेरजेतून त्यांचे दोन-दोनचे गुणाकार वजा करून वर्गमूळ घ्यावे लागते. ३८, २७ आणि १४ साठी ते सुमारे २१ येते. धागाकर्त्यांनी मात्र ३१ मोजले आहेत. मीटर चुकीचा आहे का?

शून्यवाहिनी

मीटर बरोबर असावा. तुमचे सूत्र शुद्ध साइन लहरींसाठी आहे आणि या कार्यशाळेत संगणक व एलईडी दिवे भरपूर आहेत. अशी उपकरणे लहरीच्या शिखराजवळ थोडा वेळच प्रवाह ओढतात, त्यामुळे त्या प्रवाहात मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचा, म्हणजे ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात १५० हर्ट्झचा, मोठा घटक असतो. मूळ घटक तिन्ही फेजवर समान असले तर न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडून काढतात. हा तिप्पट वारंवारतेचा घटक, म्हणजे तिसरा हार्मोनिक, मात्र तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जातो, त्यामुळे न्यूट्रलमध्ये त्याची सरळ बेरीज होते. २१ आणि ३१ यांच्या वर्गांमधल्या फरकाचे वर्गमूळ काढले तर सुमारे २३ येते. तेवढा प्रवाह हार्मोनिकचा आहे असा माझा अंदाज आहे, आणि फेजची कितीही सुंदर वाटणी केली तरी तो जाणार नाही.

साडेतीन कोअर केबलमधला 'अर्धा' म्हणजे कमी जाडीचा न्यूट्रल, हे इथे लक्षात ठेवावे. ही केबल ज्या काळात रूढ झाली त्या काळातला भार मोटरी आणि हीटर यांचा होता. नवीन डीबीपर्यंत वेगळी केबल ओढायची वेळ आली तर पूर्ण चार कोअरची घ्यावी.

आता त्या तपकिरी लगबद्दल. "जुने आहे, असे होतेच" हे उत्तर मी स्वीकारणार नाही. ३१ अँपिअर हा त्या केबलला जड प्रवाह नाही. तेवढ्यात लग भाजतो म्हणजे जोड ढिला आहे किंवा क्रिम्पिंग नीट झालेले नाही. फेजचा जोड सुटला तर काही दिवे बंद पडतात आणि माणसे वायरमनला बोलावतात. न्यूट्रल सुटला तर सगळे बंद पडत नाही, काही दिवे मंद होतात आणि काही उलट जास्त उजळतात.

एका उदाहरणाने सांगतो. मुख्य न्यूट्रल तुटला आहे, एका फेजवर २३ ओहमचा म्हणजे २.३ किलोवॅटचा हीटर आहे आणि दुसऱ्या फेजवर २३० ओहमएवढी, म्हणजे २३० वॅटची, किरकोळ उपकरणे आहेत. तिसऱ्या फेजवर काहीच नाही. आता हे दोन्ही भार ४०० व्होल्टवर एकामागोमाग एक जोडल्यासारखे होतात. हीटरवर सुमारे ३६ व्होल्ट उरतात आणि त्या किरकोळ उपकरणांवर ३६४ व्होल्ट येतात. एका कार्यालयात नवीन सर्किट जोडताना न्यूट्रल बारवरचा मुख्य स्क्रू सैल राहिला होता. दिवे क्षणभर लख्ख झाले, मग टेबलाखालून एकापाठोपाठ एक फटफट आवाज आले आणि अकरा संगणकांचे पॉवर सप्लाय गेले. मी त्या वेळी शिडीवर होतो आणि स्क्रू आवळणारा हात माझाच होता, म्हणून हे इतके सविस्तर लिहितो.

त्यामुळे नवीन सर्किटांच्या आधी तो लग कापून, वायरचा भाजलेला भाग काढून, नवीन लग योग्य डायने क्रिम्प करावा आणि बारच्या निर्मात्याने दिलेल्या टॉर्कने आवळावा. एकट्या न्यूट्रलमध्ये फ्यूज किंवा एक पोलचा स्विच कधीही असू नये.

फिटर३३

जुन्याच कंड्युटमधून वायरी नेण्याच्या बेताकडे अजून कोणी वळले नाही. त्या कंड्युटमध्ये आज किती सर्किटे आहेत?

छपाईवाला

दोन आहेत. प्रेस आणि तीन एसी धरून सहा होतील. कॉम्प्रेसरची केबल वेगळी जाणार आहे. वायर सगळीकडे २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची आणि एमसीबी १६ अँपिअरचे, असे ठरले आहे.

फिटर३३

मग हा हिशोब पाहावा. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या कोष्टकानुसार भिंतीवरच्या कंड्युटमधली पीव्हीसी इन्सुलेशनची २.५ ची तांब्याची वायर एक फेजच्या सर्किटात २४ अँपिअर वाहते, पण ते कंड्युटमध्ये एकटेच सर्किट असताना आणि भोवतालचे तापमान ३० अंश सेल्सिअस असताना. सहा सर्किटे एकत्र असली तर ०.५७ ने गुणावे लागते आणि तापमान ४० अंश असेल तर आणखी ०.८७ ने. २४ चे ११.९ उरतात. या वायरीवर १६ चा एमसीबी लावला तर वायर आधी तापेल आणि एमसीबी मजेत बसून राहील, कारण एमसीबी स्वतःच्या आकड्याच्या १.१३ पटीपर्यंत तासभर न पडता राहू शकतो आणि १.४५ पटीला तो तासाभरात पडणे अपेक्षित असते. १६ अँपिअरसाठी हे १.४५ पट म्हणजे २३ अँपिअरच्या वर जाते.

वायर ४ चौरस मिलिमीटरची केली तर ३२ चे १५.९ होतात, तेही १६ ला केसभर कमीच.

कुतूहल

पण एसी मुळात ८ अँपिअरच घेणार आहेत. मग ११.९ ची वायर त्यांना पुरायला हरकत काय?

फिटर३३

एसीच्या बाबतीत तुमचे बरोबर आहे, फक्त एमसीबी १० अँपिअरचा लावावा, म्हणजे भार ८, एमसीबी १० आणि वायर ११.९ असा चढता क्रम राहतो. एमसीबी उपकरणासाठी नसून वायरीसाठी असतो. प्रेस मात्र १३ अँपिअर घेतो, तेव्हा त्याला या गर्दीत २.५ ची वायर चालणारच नाही.

मी असे करीन: दुसरे कंड्युट टाकून नवीन चार सर्किटे त्यातून नेईन, गुणक ०.६५ होईल आणि प्रेसला ४ ची वायर देईन. ३२ गुणिले ०.६५ गुणिले ०.८७ म्हणजे १८.१, त्यावर १६ चा एमसीबी नीट बसतो. प्रेसपर्यंतचे अंतर ३५ मीटर असेल तर पूर्ण १६ अँपिअर धरून ४ च्या वायरीत सुमारे ६.२ व्होल्ट, म्हणजे २.७ टक्के पडतील, २.५ च्या वायरीत तेच १० व्होल्टच्या आसपास गेले असते.

आणखी एक सवय टाळावी. जागा वाचवायची म्हणून एका एमसीबीच्या टोकात दोन वायरी कोंबतात. दोन्ही वायरी सारख्या जाडीच्या नसल्या तर स्क्रू जाड वायरीला धरतो आणि बारीक वायर नुसती आधाराला उभी राहते.

शून्यवाहिनी

आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून पडणारा ब्रेकर) बसवणार असाल तर प्रत्येक आरसीसीबीमागे स्वतःचा न्यूट्रल बार हवा. नव्या सर्किटाचा फेज एका आरसीसीबीमागून आणि न्यूट्रल जवळ सापडलेल्या दुसऱ्याच बारवरून घेतला, की भार चालू केल्याबरोबर आरसीसीबी पडतो; मग कोणीतरी त्याला बिघडलेला ठरवून काढून टाकतो. टीपीएन डीबीत शेजारशेजारचे एमसीबी वेगवेगळ्या फेजचे असल्यामुळे दोन सर्किटांत एकच न्यूट्रल वापरण्याचा मोहही होतो. तोही टाळावा, कारण त्यातले एक सर्किट बंद करून काम करणाऱ्या माणसाच्या हातात दुसऱ्या सर्किटाचा न्यूट्रल येतो, आणि तो उघडला तर जिवंत असतो.

तांबेतार

कॉम्प्रेसरविषयी थोडे. थेट स्टार्टरवर मोटर सुरू होताना सहा ते आठ पट प्रवाह घेते, म्हणजे सुमारे १०० अँपिअर. २० अँपिअरचा सी कर्व्हचा एमसीबी १०० ते २०० अँपिअरमध्ये कुठेही तत्काळ पडू शकतो, तेव्हा तो कधी पडेल आणि कधी नाही याचा नेम राहणार नाही. डी कर्व्हचा २०० ते ४०० मध्ये पडतो, पण त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते: अर्थ फॉल्टच्या वेळी ४०० अँपिअर वाहू शकतील एवढा लूप इंपिडन्स (त्या प्रवाहाच्या पूर्ण वाटेचा रोध) कमी हवा, म्हणजे ०.५७ ओहमच्या आत. तो मोजल्याशिवाय डी कर्व्ह बसवू नये. ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवरच्या प्रवाहाला लावावा. स्टार-डेल्टा (मोटर दोन टप्प्यांत सुरू करणारा स्टार्टर) घेतला तर सुरुवातीचा प्रवाह एक तृतीयांश होतो, टॉर्कही तेवढाच होतो. कॉम्प्रेसर बिनदाबाचा सुरू होत असेल तर ते चालते.

आणि पहिल्यांदा सुरू करण्याआधी फेजचा क्रम तपासावा. उलटा फिरणारा कॉम्प्रेसर स्क्रू जातीचा असेल तर काही सेकंदांत त्याचे नुकसान होते.

फिटर३३

एमसीबी घेताना त्यावरचा ६००० किंवा १०००० हा चौकटीतला आकडा (शॉर्ट सर्किटचा जास्तीत जास्त किती अँपिअर प्रवाह तो तोडू शकतो) वाचावा. तुमचा डीबी ट्रान्सफॉर्मरच्या अगदी जवळ असेल तर ६ किलोअँपिअर पुरणार नाही. ४ टक्के इंपिडन्सच्या ४०० केव्हीए ट्रान्सफॉर्मरच्या टोकाशी सुमारे १४ किलोअँपिअर वाहू शकतात. केबल लांब असेल तर हा आकडा झपाट्याने खाली येतो. मोजून घ्यावा.

छपाईवाला

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण काम एका दिवसाचे नव्हतेच. दुसऱ्या, अनुभवी परवानाधारक वायरमनकडून करून घेतले. त्याने आधी मुख्य ब्रेकर बंद करून त्याला कुलूप लावले, मग जिवंत टोकावर तपासलेल्या व्होल्टमीटरने प्रत्येक जोडी मोजली आणि मोजल्यावर तोच मीटर पुन्हा जिवंत टोकावर तपासला. निऑन टेस्टर त्याने खिशातून काढलासुद्धा नाही.

जुना न्यूट्रल लग कापला तेव्हा आतल्या तारांचा घट्ट गोळा झालेला नव्हता. निम्म्या तारा बोटाने हलत होत्या. कंड्युट वेगळे टाकले, प्रेसला ४ ची वायर दिली, एसीला १० चे एमसीबी दिले आणि फेजची वाटणी तांबेतार यांनी सांगितल्याप्रमाणे केली. ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासताना वायवरच्या एसीची लाईन ०.३ मेगाओहम दाखवू लागली, जिथे किमान १ हवा. वायर ओढून काढली तर कंड्युटच्या वळणावर, धारेने खरवडून, नखाएवढे तांबे उघडे पडलेले होते. चाचणी केली नसती तर ते भिंतीतच राहिले असते.

काल सर्व काही चालू असताना मोजले: आर ४७, वाय ४४, बी ५०, न्यूट्रल २४.

कुतूहल

या तीन आकड्यांवरून माझे सूत्र न्यूट्रलला ५ अँपिअर देते. उरलेले म्हणजे तेच हार्मोनिक?

छपाईवाला

मलाही तोच प्रश्न पडला, म्हणून सायंकाळी यंत्रे, प्रेस, कॉम्प्रेसर आणि एसी बंद करून फक्त दिवे व संगणक चालू ठेवले आणि पुन्हा मोजायला लावले. आर १५, वाय १४, बी १४. न्यूट्रल २३.